अमृतांजन पूल आणि आईची डोकेदुखी

इयरफोनचा आवाज जरा कमी करा, कारण आज बोलायचंय डोकेदुखीवर.

मी खुटबावचा. पुणे-दौंड लोहमार्गावरचं, दौंड तालुक्यातलं गाव. उन्हातान्हात रानातलं काम आटपून आई घरी आली की आधी बामची बाटली शोधायची. बाम कुठल्याही कंपनीचा असू दे, आमच्याकडे त्याला 'अमृतांजन'च म्हणायचे. मुंबईला जाताना खंडाळ्याच्या घाटात 'अमृतांजन पूल' लागायचा. मला वाटायचं, बामवाल्यांनीच बांधला असणार!

तसं काही नव्हतं. पूल इंग्रजांनी १८३० साली बांधला. पुढे तिथे या बामची मोठी जाहिरात लागली आणि लोकांनी पुलाला तेच नाव देऊन टाकलं. एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमुळे रस्ता रिकामा असताना, तो स्फोटाने पाडला. नाव मात्र अजून तोंडात आहे.

बाम जन्मला तोही मुंबईत, १८९३ साली. आंध्रातून आलेल्या काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी तो काढला. गाण्याच्या मैफलींत तो फुकट वाटायचे म्हणे! याच नागेश्वर रावांनी १९०८ मध्ये मुंबईतून 'आंध्र पत्रिका' हे तेलुगू साप्ताहिक सुरू केलं.

बामच्या आधी काय होतं? कपाळावर उगाळलेल्या सुंठेचा लेप, डोक्याला घट्ट फडकं. आणि बारीक निरीक्षणही होतं बरं का. सुश्रुतसंहितेत डोक्याचे ११ रोग मोजलेत. त्यातला 'अर्धावभेदक' म्हणजे अर्धं डोकं दुखणं, आपली अर्धशिशी. सगळी डोकेदुखी एकसारखी नसते, हे तेव्हाही माहीत होतं.

मग १८९७ मध्ये जर्मनीत फेलिक्स हॉफमनने शुद्ध ॲस्पिरिन तयार केलं. विसाव्या शतकात डोकेदुखीची गोळी किराणा दुकानाच्या बरणीपर्यंत पोचली आणि आपण प्रकार विचारणंच सोडलं. डोकं दुखलं? घे गोळी!

आईचंही तेच झालं. आधी कधीतरी एक, मग रोज, मग दिवसातून दोन. तरी डोकं दुखायचंच. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, महिन्यातून किती दिवस गोळी घेता?" आईला सांगता येईना. त्यांनी वही ठेवायला लावली: दुखलं कधी, झोप किती, जेवण वेळेवर झालं का, पाणी किती, गोळी घेतली का. महिन्याअखेर वहीतच उत्तर सापडलं. काही महिने सतत, महिन्यातले १०-१५ दिवस किंवा जास्त गोळ्या घेतल्या, की त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं. डॉक्टरांच्या सल्ल्याने आईने त्या थांबवल्या. पहिला आठवडा फार वाईट गेला. नंतर दुखायचे दिवस कमी होत गेले.

एक मात्र लक्षात ठेवा. अचानक, आजवर कधी झाली नाही इतकी भयंकर डोकेदुखी, तापासोबत ताठलेली मान, हातपाय लुळे पडणं, जीभ अडखळणं, डोक्याला मार लागल्यावर उलट्या, यातलं काहीही दिसलं तर बाम चोळत बसू नका. १०८ ला फोन लावा.

आईच्या उशाशी बामची बाटली अजून आहे. आता शेजारी वही-पेनही असतं. तुमच्या घरात कुणी रोज गोळी घेतंय का? आज एवढं विचारा. भेटू पुढच्या भागात!