मॅक्नॉटनच्या टिपणातील तीन नावे आणि हौशी संशोधक

इ. स. १८८८ च्या उत्तरार्धात लंडनच्या पूर्व भागातील व्हाइटचॅपल व त्यालगतच्या वस्तीत ज्या स्त्रियांचे खून झाले, त्यांपैकी पाच खून सामान्यतः एकाच माणसाच्या हातचे मानले जातात. त्यांतील पहिला ३१ ऑगस्टचा व शेवटचा ९ नोव्हेंबरचा होय. 'जॅक द रिपर' या नावाने ओळखला जाणारा हा खुनी कधीच सापडला नाही. या प्रकरणावर आजवर जे विपुल लेखन झाले, त्यातील बरेचसे इतिहासाच्या अभ्यासकाने बाजूस ठेवावे अशाच योग्यतेचे आहे. तथापि त्याच लेखनात दप्तरे, नोंदवह्या व शिरगणतीचे तक्ते चाळणाऱ्या हौशी संशोधकांचे एक निराळे काम आढळते. अशा शोधाने काय सिद्ध होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

या शोधाचा आरंभ एका सरकारी टिपणापासून होतो. १८९४ च्या फेब्रुवारीत 'सन' या वृत्तपत्राने टॉमस कटबुश नावाच्या वेड्या इसमावर या खुनांचा आरोप केला. त्याचे खंडन करण्यासाठी लंडन पोलीसदलातील अधिकारी मेल्व्हिल मॅक्नॉटन यांनी २३ फेब्रुवारी १८९४ रोजी एक गोपनीय टिपण लिहिले. कटबुशपेक्षा ज्यांच्यावर संशय घेणे अधिक सयुक्तिक ठरेल अशी ड्रुइट, कोस्मिन्स्की व ऑस्ट्रॉग ही तीन नावे त्यात दिलेली आहेत. हे शब्द ध्यानात ठेवावयास हवेत. यांपैकी कोणी खुनी आहे असे टिपण म्हणत नाही. ते केवळ तुलना करते. शिवाय मॅक्नॉटन पोलीसदलात आले ते जून १८८९ मध्ये. त्यापूर्वी ते बंगालमध्ये आपल्या घराण्याच्या जमिनींची व्यवस्था पाहत होते. म्हणजे १८८८ च्या तपासाचे ते साक्षीदार नव्हेत.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकास ही स्थिती परिचितच वाटेल. घटनेनंतर काही वर्षांनी, विशिष्ट प्रयोजनाने व पुष्कळ अंशी ऐकीव माहितीवर लिहिलेला लेख, मग तो कितीही अधिकारी पुरुषाचा असो, बखरीच्याच कोटीत पडतो. त्याची पारख अस्सल, समकालीन कागदांशी ताडूनच करावी लागते. आपल्याकडे ही शिस्त रुजविणारे राजवाडे काय किंवा मिरजेच्या शाळेत अध्यापन करून पटवर्धनी दप्तर प्रसिद्ध करणारे वासुदेवशास्त्री खरे काय, दोघेही विद्यापीठाच्या कक्षेबाहेरचेच होते. 'हौशी' हा शब्द येथे उणेपणाने योजलेला नाही, हे त्यावरून लक्षात यावे.

ड्रुइटचे नाव प्रथम हाती लागले ते दूरचित्रवाणीवरील निवेदक डॅनिएल फार्सन यांच्या. मॅक्नॉटन यांची कन्या लेडी ॲबरकॉनवे यांच्यापाशी टिपणाची एक प्रत होती, ती त्यांनी १९५९ साली पाहिली. टॉम कलेन या अमेरिकन पत्रकाराने ते नाव १९६५ साली ग्रंथात छापले. त्या प्रतीत ड्रुइट हा सुमारे ४१ वर्षांचा डॉक्टर असल्याचे म्हटले आहे. प्रत्यक्षात माँटेग्यू जॉन ड्रुइट याचा जन्म १५ ऑगस्ट १८५७ चा. मृत्यूसमयी तो ३१ वर्षांचा होता. तो डॉक्टर नव्हता, बॅरिस्टर होता, आणि ब्लॅकहीथ येथील एका निवासी शाळेत अध्यापनही करीत असे. डॉक्टर होते ते त्याचे वडील. ३१ डिसेंबर १८८८ रोजी चिझिक येथे टेम्स नदीत त्याचे प्रेत मिळाले. कोरोनरच्या चौकशीत आत्महत्येचा निर्णय झाला. त्याच्या आईला त्याच वर्षी वेड लागून रुग्णालयात ठेवावे लागले होते, आणि शाळेतूनही त्याला नुकतेच काढून टाकण्यात आले होते. एवढी दुःखे एका जिवाला पुरेशी होती. त्यांच्या स्पष्टीकरणासाठी खुनांची गरज भासू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ड्रुइटसंबंधी सर्वांत मोलाचा पुरावा मिळाला तो क्रिकेटच्या धावपत्रकांतून. ॲनी चॅपमन हिचे प्रेत ८ सप्टेंबर १८८८ रोजी पहाटे सहाच्या सुमारास सापडले. त्याच दिवशी साडेअकरा वाजता सुरू झालेल्या सामन्यात ड्रुइट ब्लॅकहीथच्या मैदानावर खेळत होता. मेरी ॲन निकोल्स हिच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी, १ सप्टेंबरला, तो दूर डॉर्सेटमध्ये खेळला. खुनाच्या तपासाशी सुतराम संबंध नसलेला, केवळ खेळाच्या नोंदीसाठी लिहिलेला हा कागद आहे आणि त्याचे मोल त्यामुळेच आहे. तो लिहिणाऱ्याला कोणालाही गुंतवावयाचे अथवा सोडवावयाचे नव्हते. पण त्याचा अर्थ ताणू नये. व्हाइटचॅपलहून ब्लॅकहीथला पोहोचावयास पाच तास पुरेसे होतात. धावपत्रकाने ड्रुइट निर्दोष ठरत नाही. संशय अधिक दुर्बळ होतो, इतकेच.

कोस्मिन्स्कीविषयीचा शोध अधिक कष्टाचा होता. टिपणात केवळ आडनाव आहे आणि १८८९ च्या मार्चच्या सुमारास त्यास वेड्यांच्या रुग्णालयात नेले असे म्हटले आहे. १९१० साली रॉबर्ट अँडरसन यांनी आत्मचरित्रात एका पोलिश ज्यू संशयिताचा अनामिक उल्लेख केला. त्या पुस्तकाच्या एका प्रतीच्या समासात तपासाधिकारी डोनाल्ड स्वॉन्सन यांनी पेन्सिलीने कोस्मिन्स्कीचे नाव लिहिले, आणि कोल्नी हॅच येथे तो लवकरच मरण पावला अशी पुस्ती जोडली. ही समासटीप १९८७ साली प्रकाशात आली. त्याच सुमारास मार्टिन फिडो यांनी रुग्णालये व अनाथगृहे यांच्या नोंदवह्या क्रमाने तपासल्या. त्यांना सापडलेला ॲरन कोस्मिन्स्की कोल्नी हॅच येथे दाखल झाला तो १८८९ मध्ये नव्हे, तर ७ फेब्रुवारी १८९१ रोजी; आणि तो लवकर मरण पावला नाही, १९१९ पर्यंत जगला. रुग्णालयाच्या नोंदींत त्याला आवाज ऐकू येत, दुसऱ्याने दिलेले अन्न तो घेत नसे, असे वर्णन आहे. क्रूर घातक्याचे चित्र त्यांतून उभे राहत नाही. दोन वरिष्ठ अधिकारी ज्या मनुष्याविषयी लिहितात तो हाच काय, की दुसऱ्या कोणाची हकीकत त्याच्या नावास चिकटली? फिडो यांनी स्वतः दुसराच पर्याय स्वीकारला. अलीकडे एका शालीवरील जनुकीय परीक्षणाच्या आधारे कोस्मिन्स्कीच खुनी ठरल्याचा गाजावाजा २०१४ साली झाला व २०१९ साली त्यावर शास्त्रीय निबंधही निघाला. परंतु ती शाल खुनाच्या जागी होती हेच समकालीन कागदांवरून दिसत नाही. मूळ वस्तूची परंपराच असिद्ध असेल तर प्रयोगशाळेच्या सूक्ष्मतेचा उपयोग काय?

तिसरे नाव मायकेल ऑस्ट्रॉगचे. मॅक्नॉटन यांनी त्याला वेडा रशियन डॉक्टर व निःसंशय खुनी वृत्तीचा म्हटले असून, खुनांच्या वेळी तो कोठे होता हे कधीच कळू शकले नाही असे नमूद केले आहे. जुन्या गुन्ह्यांच्या कागदांवरून हा इसम चोर व तोतया असल्याचे दिसते; निरनिराळी नावे घेऊन लोकांना फसविणे हा त्याचा धंदा होता. फिलिप सग्डन यांनी त्याचा माग फ्रान्सपर्यंत नेला, तेव्हा १८८८ च्या त्या महिन्यांत तो तेथील तुरुंगात होता असे आढळून आले. जे कळू शकले नाही असे टिपणात म्हटले, ते परदेशच्या तुरुंगाच्या वहीत त्या वेळीही लिहिलेलेच होते! या एका नोंदीने पूर्ण शतकभर चाललेला संशय निरस्त झाला. तिघांपैकी खऱ्या अर्थाने निकाल लागला तो या एकाचाच, आणि तोही निर्दोषत्वाचा.

हीच साधने उलट दिशेनेही वापरली जातात. निकोल्सच्या प्रेतापाशी प्रथम पोहोचलेल्या गाडीवानाने चौकशीत आपले नाव चार्ल्स क्रॉस असे सांगितले होते. शिरगणती व इतर नोंदींवरून त्याचे खरे आडनाव लेचमियर होते, आणि क्रॉस हे त्याच्या पोलीस शिपाई असलेल्या सावत्र वडिलांचे आडनाव होय, हे हौशी संशोधकांनी सिद्ध केले. शोध निर्दोष आहे. मात्र त्यावरून काहींनी काढलेले अनुमान असे की, नाव लपविणारा हा साक्षीदारच खुनी असावा. त्याने आपले घर व कामाचे ठिकाण खरेच सांगितले होते; ज्याला लपावयाचे आहे तो आपल्या धन्याचे नाव कशास सांगेल? १९२० साली मरण पावलेल्या या मनुष्यावर त्याच्या हयातीत कोणी आरोप केल्याचे दिसत नाही. आज संशयितांच्या यादीत त्याला जागा मिळाली आहे ती जन्म, विवाह व शिरगणती यांच्या नोंदींतील एका आडनावाच्या फरकावरून.