दक्षिण कोरियातील आंत्रकृमी-प्रादुर्भाव

शेतीत मानवी विष्ठेचा खत म्हणून होणारा वापर व तीवर वाढलेल्या भाज्या न शिजविता खाण्याची रीत यांमुळे कोरियात जंतांचा प्रसार फार मोठा होता. १९६३ मध्ये चॉन्जू येथे आतडे अडलेल्या नऊ वर्षांच्या मुलीच्या पोटातून शस्त्रक्रियेने १,०६३ जंत काढण्यात आले, ती दगावली. या घटनेने लोकमत जागृत झाले. १९६४ मध्ये कृमिनिर्मूलनार्थ संस्था स्थापन झाली व १९६६ मध्ये परजीवी रोग प्रतिबंधक कायदा झाला. १९६९ पासून शालेय मुलांची वर्षातून दोनदा विष्ठातपासणी होऊन बाधितांना औषध देण्यात येई. १९७१ च्या पहिल्या राष्ट्रीय पाहणीत ८४.३% लोकांच्या विष्ठेत कृमींची अंडी आढळली. १९८१ मध्ये हे प्रमाण ४१.१%, तर १९९२ मध्ये ३.८% झाले. केवळ औषधांनी हे साधले नसते. कारण दूषित मातीतून पुन्हा लागण होई. रासायनिक खते व सुधारलेली शौचालये यांमुळे ती साखळी तुटली. गोड्या पाण्यातील कच्च्या माशांतून शरीरात शिरणारा यकृत-पर्णकृमी मात्र टिकून राहिला व २००४ च्या पाहणीत तोच प्रमुख ठरला.