पेलोरिन्यो : रंगवलेल्या भिंती आणि फटक्यांचा खांब

ब्राझीलच्या साल्वादोर शहरात, उपसागराच्या वरच्या टेकाडावर पेलोरिन्यो ही जुनी वस्ती आहे. पिवळी, निळी, गुलाबी घरे, दगडी उतार, चर्चचे मनोरे. पर्यटक फोटो काढतात. पण पेलोरिन्यो म्हणजे माणसांना भर चौकात बांधून फटके मारण्याचा खांब, हे फोटोत दिसत नाही. म्हणून आम्ही विचारतो : हे बांधले कोणी आणि मिरवले कोणी?

पोर्तुगीजांनी १५४९ मध्ये वसवलेले हे शहर १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी होते. साखर आणि आफ्रिकन गुलामांचा व्यापार यांच्या पैशांतून इथले वाडे आणि सोन्याने मढवलेली चर्च उभी राहिली.

त्याच चौकात एक निळे चर्च आहे, काळ्यांच्या रोझरी मातेचे. गोऱ्यांच्या धर्मसंघांत काळ्यांना जागा नव्हती. तेव्हा गुलाम आणि मुक्त काळ्यांनी अठराव्या शतकात, मालकाचे काम संपल्यावर उरलेल्या वेळात, हे चर्च बांधले. धर्म मालकांचाच होता, मग यात मुक्ती कसली, असे कोणी म्हणेल. आक्षेप खरा आहे. पण संघ त्यांचा स्वतःचा होता. आपल्या माणसांचे सन्मानाने दफन करणे, वर्गणीतून गुलामांची सुटका विकत घेणे, ही कामे अशा संघांनी केली. बाबासाहेबांनी १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, त्यामागेही हीच गरज होती : स्वतःची संस्था.

ब्राझीलमध्ये गुलामी १८८८ मध्ये संपली. श्रीमंत वाडे सोडून गेले, पडक्या खोल्यांत गरीब काळी कुटुंबे राहिली. १९८५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा जाहीर केला. १९९० च्या दशकात सरकारने भिंती रंगवल्या आणि तुटपुंजी भरपाई देऊन बहुसंख्य रहिवाशांना बाहेर काढले. वारसा म्हणून भिंती वाचल्या, माणसे वारशात धरली गेली नाहीत. पुढे काही कुटुंबांनी संघटित होऊन लढा दिला आणि तिथेच राहण्याचा हक्क मिळवला.

मित्रांनो, मुंबईत बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. पक्के घर आपला हक्कच आहे, जुन्या खोलीचे उमाळे नकोत. पण त्या चाळींतील सभा, वाचनालये, पँथरचे दिवस यांची नोंद आपण केली नाही, तर उद्या दुसरेच कोणी तो इतिहास लिहील आणि त्यात आपण नसू. वस्तीतील ज्येष्ठांच्या आठवणी आजच लिहून काढा.

जय भीम.