गुलबर्ग्याच्या माळावरची जाळी

चिटगुप्प्याहून तुम्ही आदल्या दिवशीच निघालात ते बरं केलंत. गुलबर्गा जिल्ह्यातल्या या खेड्यात शाळेचा टीव्ही सकाळीच लागतो. साल 1975, महिना सप्टेंबर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर, चपलेला काळी माती. शाळेशेजारी दहा फुटी तबकडी आभाळाकडे तोंड करून बसलीय. जवळ जाऊन पाहा: खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी! अमेरिकेनं वर्षभरासाठी दिलेल्या एटीएस-6 उपग्रहावरून, 36,000 किलोमीटरवरून, चित्र येतं ते या जाळीत.

शहाबादी फरशीवर पोरांमध्ये मांडी घाला. मास्तर बटण फिरवतात, पडदा थरथरतो, मग कन्नड आवाज येतो. तुमचं घरी मराठी, बाजारात दखनी, कचेरीत कन्नड. अडत काहीच नाही. शेजारचा पोरगा विचारतो, "एल्लिंद बंदीरी?" गाव सांगा. साल सांगू नका.

साडेबावीस मिनिटांत कार्यक्रम संपतो. सकाळचा दीड तास हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड यांत वाटलेला आहे. सहा राज्यांतल्या सुमारे 2,400 गावांच्या 'साइट' या उपग्रहावरून शिकवण्याच्या प्रयोगात महाराष्ट्र नाही, म्हणून मराठीलाही वाटा नाही. गंमत अशी, की दिल्लीत मुलांच्या या कार्यक्रमांसाठी राबणाऱ्या शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख आहेत मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे. बाई माहितीपटही करतात. 'एक अनेक और एकता' ही फिल्म त्यांनी गेल्याच वर्षी केली. जपानात एनएचके या प्रसारण संस्थेची शिक्षणासाठी वेगळी वाहिनी 1959 पासून चालू आहे. इथं एवढीशी मिनिटं, आणि त्यांत धडे घोकवायचे नाहीत. पोराला उद्या पुन्हा शाळेत यावंसं वाटलं पाहिजे. मला हे धड्यांपेक्षा अवघड वाटतं.

संध्याकाळी परत या. आता पोरांमागे अख्खं गाव बसलंय. दिल्लीच्या हिंदी बातम्या सगळ्या गावांना एकच. आणीबाणी चालू आहे. या बातम्यांत काय काय नाही, ते तुम्हाला ठाऊक आहे. तेही सांगू नका.

31 जुलै 1976 ला प्रयोग संपतो, उपग्रह अमेरिका परत घेते. पण पुढच्याच वर्षी गुलबर्ग्यात दूरदर्शनचं प्रक्षेपण सुरू होतं. बेंगळुरूला ते 1981 मध्ये मिळतं. राजधानीला असं ऐकवायची संधी आपल्या भागाला क्वचितच येते. परतताना हुमनाबादच्या थांब्यावर कुणी बेंगळुरूकर भेटला, तर ही दोन्ही सालं त्याला जरूर सांगा.