पेटी आणि अंगण

बालशिक्षणाचा इतिहास आपल्याकडे बहुधा चरित्रांच्या रूपाने सांगितला जातो. फ्रोबेल, माँटेसरी, गिजुभाई, ताराबाई, अनुताई ही नामावळी अध्यापक विद्यालयातील कोणाही विद्यार्थ्याला पाठ असते. वस्तूंचा इतिहास मात्र क्वचितच कोणी सांगतो. मुलाच्या हातात काय दिले गेले, ते कोठून आले आणि ते कोणाला परवडले, हे प्रश्न विचारले की याच नामावळीतून एक निराळी कथा हाती येते. तिच्यात काही मराठी शब्दांची जन्मकथाही आहे; म्हणून भाषेच्या अभ्यासकांनी ती केवळ शिक्षणशास्त्राकडे सोपवून मोकळे होऊ नये.

कथेचा आरंभ एका पेटीपासून होतो. फ्रीडरिख फ्रोबेल (१७८२–१८५२) याने बर्लिनमध्ये स्फटिकांच्या रचनेचा अभ्यास केला होता. साध्या आकारांतून गुंतागुंतीचे आकार कसे घडतात, हे त्याने तेथे पाहिले. १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्ग या लहानशा गावी त्याने लहान मुलांसाठी जी संस्था काढली, तिला १८४० मध्ये ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव मिळाले. तेथील खेळसाधनांना तो ‘भेटी’ म्हणत असे. पहिल्या भेटीत लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दुसरीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसरीत आठ लहान घनांत विभागलेला एक मोठा घन. वस्तू मोडावी, पुन्हा जुळवावी आणि त्यातून अवघ्याचे व अंशाचे नाते हाताला कळावे, अशी ही योजना होती. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने या शाळांवर बंदी घातली, ती १८६० पर्यंत टिकली. नास्तिक आणि समाजवादी विचारांचा संशय हे तिचे कारण होते. चेंडू आणि ठोकळे यांची सत्तेला भीती वाटावी, हे वरवर हास्यास्पद दिसते. पण जे मूल स्वतः जुळवून पाहते ते उद्या स्वतः विचारही करील, हा सरकारचा तर्क काही अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही.

पुढे या भेटींची कवायत झाली. बाईंनी आज्ञा द्यावी आणि सर्वांनी एकाच वेळी ठोकळा उचलावा, असे प्रकार फ्रोबेलच्या नावाने रूढ झाले. पेटी उरली, तिच्यातील मोकळीक गेली. मारिया माँटेसरी यांचे महत्त्व या ठिकाणी आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह सुरू केले. मतिमंद मुलांसाठी सेग्वँ या फ्रेंच वैद्याने तयार केलेली साधने त्यांनी अभ्यासली होती. स्वतः डॉक्टर असल्याने निरीक्षणाची शिस्त त्यांच्या अंगी होती. त्यांच्या साधनांचे वैशिष्ट्य असे की चूक साधनच दाखवते. लाकडी ठोकळ्यात दहा दट्ट्या असतात आणि प्रत्येकीचे भोक ठरलेले असते. एक जरी चुकीच्या जागी गेली तरी शेवटी एक दट्ट्या आणि एक भोक यांचा मेळ बसत नाही. मुलाला ‘चुकलास’ म्हणायला तेथे कोणी लागत नाही. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवता फिरवता मुले वाचण्याआधी लिहू लागली, हा त्या बालगृहाचा सर्वांत गाजलेला अनुभव. अक्षर आधी हाताला कळते आणि मग डोळ्याला, हे साहित्याच्या शिक्षकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे असे आहे.

या पद्धतीला एक अट होती. दट्ट्या अचूक मापाच्या हव्यात. अचूक मापासाठी कसबी सुतार हवा, आणि त्याला द्यायला पैसा हवा. कामगारांच्या वस्तीत जन्मलेली पद्धत हळूहळू संपन्न घरांची झाली, त्याचे एक कारण या अटीत आहे.

भारतात हा विचार माँटेसरीबाईंच्या आधी पोहोचला होता. बाई १९३९ मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या. वकिली सोडलेल्या गिजुभाई बधेकांनी भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले ते १९२० मध्ये. गिजुभाईंनी साधने घेतली, पण सगळी तत्त्वे घेतली नाहीत. अगदी लहान मुलांना अद्भुत कथा सांगण्याविषयी माँटेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी लोककथा, गाणी आणि नाटुकली बालमंदिराच्या मध्यभागी आणली. १९२३ मध्ये ताराबाई मोडक (१८९२–१९७३) त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि पुढे ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार उभारला. इथपर्यंतचा प्रवास मुख्यतः शहरी मध्यमवर्गातील आहे.

कथेला वळण मिळते ते १९४५ मध्ये. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ताराबाई दादर सोडून समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या. पुण्याहून आलेल्या अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्याबरोबर होत्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आजच्या पालघर जिल्ह्यातील हा भाग. त्याच वर्षी याच परिसरात गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा पुकारला होता. ज्यांच्या आईबापांचे हातही स्वतःच्या मालकीचे नव्हते, अशा घरांच्या शेजारी ही बालवाडी सुरू झाली, हा संदर्भ विसरून चालणार नाही.

येथे सुताराची पेटी उपयोगाची नव्हती. मग खडे, शिंपले, बिया, पाने, काटक्या, माती हीच साधने झाली. बिया प्रकारांप्रमाणे वेगळ्या करणे म्हणजे वर्गीकरण. खडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडणे म्हणजे क्रम. शिंपल्यांच्या राशी मोजणे म्हणजे संख्या. तत्त्व माँटेसरीचेच, वस्तू मात्र मुलाच्या पायाखालची. तरीही मुले येईनात, तेव्हा शाळाच वस्तीतल्या अंगणात गेली. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. तेथे गुरे राखायला जाणाऱ्या मुलांमागे शाळा कुरणात गेली आणि ‘कुरणशाळा’ हा शब्द जन्मला.

‘बालवाडी’, ‘अंगणवाडी’, ‘कुरणशाळा’ हे शब्द एका ओळीत ठेवून पाहावेत. जर्मन शब्दात मुलांची बाग आहे. मराठीत ‘वाडी’ म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि ‘वाडी’ म्हणजे चार घरांची वस्तीही. एकाच शब्दात बाग आणि वस्ती एकत्र नांदतात, ही सोय जर्मन शब्दाला नाही. भाषांतराने परका शब्द आपल्या भाषेत बसतो. या तीन शब्दांनी परकी कल्पना आपल्या जमिनीवर बसवली. पुढच्या प्रत्येक शब्दात शाळा मुलाच्या आणखी जवळ सरकत गेली आहे.

या गौरवगाथेत एक गोष्ट मात्र सहसा निसटते. शिंपला स्वस्त असतो, पण तो चूक दाखवत नाही. चिंचोका चुकीच्या राशीत पडला तरी तेथे तो गप्प पडून राहतो. दट्ट्यांच्या ठोकळ्यात जी जाण सुताराने आधीच भरून ठेवलेली असते, ती अंगणात बाईंच्या डोळ्यांत असावी लागते. कोणते मूल गोंधळले आहे, कोणाला एकटे सोडावे, केव्हा एक खडा काढून घ्यावा, हे तिला क्षणोक्षणी ठरवावे लागते. म्हणजे साधनाची किंमत नाहीशी झाली नाही. ती वस्तूतून शिक्षिकेकडे गेली. ताराबाई-अनुताईंना हे पुरते उमगले होते, म्हणून बालवाडीइतकेच महत्त्व त्यांनी बालसेविकांच्या प्रशिक्षणाला दिले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. एका मराठी शब्दाचे हे भाग्य अभिमानास्पद आहे. परंतु त्या योजनेच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही केवळ एक. आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी हेही मुलाच्या जगण्याचेच प्रश्न आहेत, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. पण वजने, नोंदी आणि सर्वेक्षणे सांभाळून, वेतन नव्हे तर मानधन घेणाऱ्या सेविकेने त्या सूक्ष्म निरीक्षणासाठी वेळ कोठून आणावा? शासनाने अंगणाचा स्वस्तपणा घेतला. त्याची उरलेली अर्धी किंमत, म्हणजे सेविकेचे शिक्षण, वेळ आणि मान, मात्र पुरती चुकवली नाही. दुसरीकडे शहरांत ‘माँटेसरी’ ही पाटी झाली, आणि तिच्या आत तीन वर्षांची मुले चौकटीच्या वहीत अक्षरे गिरवू लागली.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. त्यासाठी २०२३ मध्ये केंद्र सरकारने खेळसाहित्याचा ‘जादुई पिटारा’ प्रसिद्ध केला. म्हणजे पुन्हा एक पेटी. तिचे स्वागतच करावे. पण फ्रोबेलच्या पेटीचे पुढे काय झाले, हे स्मरणात ठेवून करावे. पेटी उघडणारे हात थकलेले, घाईतले आणि उपेक्षित असतील, तर तिच्यातून कवायतच बाहेर पडेल. ते हात जाणते असतील, तर अंगणातले चार चिंचोकेही पुरे होतात.