मध्यकर्णदाह, बालकांतील : जंतुजन्य कारणे

कानाच्या पडद्यामागील हवेच्या पोकळीत सूक्ष्मजंतूंच्या संसर्गाने उद्भवणारा, पू धरणारा दाह. सहा महिने ते दोन वर्षे या वयात त्याचा प्रादुर्भाव सर्वाधिक असतो आणि याचे मूळ शरीररचनेत आहे. कारण नाकामागील घशातून मध्यकर्णात जाणारी, युस्ताची या सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी नलिका प्रौढांत लांब व उतरती, तर तान्ह्या मुलांत आखूड व जवळजवळ आडवी असल्यामुळे, साध्या पडशाने तिचे अस्तर सुजले की आतील द्रवाचा निचरा खुंटतो, आणि एरवी घशात निरुपद्रवीपणे वस्ती करून राहिलेल्या जंतूंचा त्यात शिरकाव होतो.

अशा जंतूंत तीन प्रमुख होत. पैकी न्यूमोकॉकस हा, १८८१ साली पाश्चर व स्टर्नबर्ग यांनी परस्परांच्या नकळत शोधलेला, जोडीजोडीने दिसणारा गोल जंतू सर्वांत दाहक असून, त्याच्यामुळे झालेला विकार औषधावाचून शमण्याचा संभव कमी असतो. दुसरा हीमोफिलस इन्फ्लुएंझी. १८९२ मध्ये फायफर यांनी इन्फ्लुएंझाचे कारण म्हणून तो पुढे आणला. पुढे १९३३ मध्ये त्या तापाचा खरा कर्ता विषाणू मानवात सापडला, तथापि दप्तरात एकदा चुकीचे चढलेले नाव जंतूला आजतागायत चिकटून आहे. कान ठणकत असतानाच मुलाचे डोळेही आले असतील, तर संशय प्रथम याच्यावर घ्यावा. तिसरा, मोराक्झेला कॅटारॅलिस, तुलनेने सौम्य. मात्र त्याचे बहुतेक सर्व वाण पेनिसिलीन-वर्गीय औषधाचा भेद करणारे बीटा-लॅक्टमेज हे विकर निर्माण करीत असल्याने नुसते ॲमॉक्सिसिलीन त्याच्यापुढे निष्प्रभ ठरते.

हीमोफिलसच्या ‘ब’ प्रकारावरील लस कानाला फारशी उपयोगी नाही, कारण कानात आढळणाऱ्या वाणांना ती लस ज्याच्यावर चालते ते कवचच नसते. न्यूमोकॉकसवरील संयुग्मित लस, जी भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने दाखल झाली, ती मात्र लसीत समाविष्ट असलेल्या प्रकारांपुरता बंदोबस्त करते.

कान ठणकू लागताच कोमट तेल सोडण्याचा घरगुती प्रघात येथे व्यर्थ होय : पडदा शाबूत असेल तर तेल पुवापर्यंत पोहोचत नाही, आणि फुटला असेल तर ते आत जाऊन अपायच करते.