पेरॉक्सिसोमचा भारवाहक : पुनःसंयोजित मानवी ‘पेक्स-५’

मानवी पेशीत केंद्रक आणि तंतुकणिका यांच्याबरोबरच एकपदरी पटलाने वेढलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांना पेरॉक्सिसोम म्हणतात. योहानेस रोडिन यांनी १९५४ साली स्वीडनमध्ये उंदराच्या मूत्रपिंडातील पेशींचा अभ्यास करताना त्यांचे वर्णन केले. पुढे १९६०च्या दशकात बेल्जियमचे ख्रिस्तियान द दूव यांनी त्यांचे रासायनिक कार्य उलगडून हे नाव रूढ केले. बावीस किंवा त्याहून अधिक कार्बन अणूंच्या मेदाम्लांचे विघटन येथे सुरू होते. त्या क्रियेत तयार होणाऱ्या घातक हायड्रोजन पेरॉक्साइडचे कॅटालेज हे विकर पाणी व ऑक्सिजन यांत रूपांतर करते.

पेरॉक्सिसोमला स्वतःचा डीएनए नसतो. साहजिकच त्याला लागणारे प्रत्येक प्रथिन पेशीद्रवात तयार होते व बाहेरून आत न्यावे लागते. मग हजारो प्रथिनांमधून नेमकी हवी ती कशी ओळखली जातात? १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुरेश सुब्रमणी व स्टीफन गूल्ड यांनी काजव्याच्या ल्युसिफरेज या विकरावर काम करून याचे उत्तर शोधले. प्रथिनाच्या अगदी शेवटी असलेली सेरीन, लायसीन व ल्युसीन ही तीन अमिनो आम्ले म्हणजेच त्याचा पत्ता होय. हा पत्ता वाचणारे आणि प्रथिनाला पेरॉक्सिसोमच्या पटलापर्यंत पोहोचविणारे प्रथिन म्हणजे पेक्स-५. पटलावरील पेक्स-१४ या प्रथिनाशी ते जोडले जाते, भार आत सोडते आणि पुढच्या फेरीसाठी पेशीद्रवात परतते.

ही वाहतूक बिघडली तर परिणाम भीषण होतात. १९६४ साली वर्णिल्या गेलेल्या झेलवेगर विकारात बालकाचे स्नायू जन्मतःच शिथिल असतात, यकृत व मेंदू यांची वाढ सदोष असते आणि तीव्र स्वरूपात पहिल्या वर्षातच मृत्यू ओढवतो. अशा रुग्णांच्या यकृतात व मूत्रपिंडात पेरॉक्सिसोम आढळत नाहीत, हे १९७३ साली दिसून आले. या विकारांना दहाहून अधिक जनुकांतील दोष कारणीभूत ठरतात. पेक्स-५च्या जनुकातील दोषाचा संबंध १९९५ साली सिद्ध झाला.

या प्रथिनाच्या अभ्यासासाठी ते शुद्ध व पुरेशा प्रमाणात हवे. मानवी पेशीतून ते थेट मिळविणे अवघड असल्याने पुनःसंयोजन तंत्राचा आधार घेतला जातो. मानवी जनुकाची प्रत प्लास्मिडमध्ये बसवून ती ई. कोलाय जीवाणूत सोडतात. प्रथिनाच्या टोकाला सहा हिस्टिडीनची शेपटी जोडलेली असते. ती निकेलला चिकटते. त्यामुळे जीवाणूंचा अर्क निकेलयुक्त स्तंभातून सोडल्यावर हवे ते प्रथिन तेथे अडकून राहते आणि इमिडाझोलच्या द्रावणाने ते मोकळे करता येते. ई. कोलायमध्ये पेरॉक्सिसोमच नसल्याने त्यातील इतर मानवी प्रथिनांची भेसळ होण्याचा प्रश्न उरत नाही. अशाच रीतीने मिळविलेल्या पेक्स-५च्या एका भागाची स्फटिकरचना २००० साली प्रसिद्ध झाली आणि हे प्रथिन आपल्या भाराचा पत्ता कसा धरते, हे प्रत्यक्ष दिसले.

हे प्रथिन वापरताना त्याचे रूप कोणते, हे आधी पाहावे लागते. मानवी पेक्स-५ची दीर्घ व लघु अशी दोन प्रमुख रूपे असून ती अनुक्रमे ६३९ व ६०२ अमिनो आम्लांची आहेत. दीर्घ रूप पेक्स-७ या साहाय्यकाच्या मदतीने दुसऱ्या प्रकारचा पत्ता असलेली प्रथिनेही वाहून नेते. लघु रूपाला ते जमत नाही. शिवाय ३७ अमिनो आम्लांच्या या फरकामुळे क्रमांकही बदलतात. लघु रूपात ४८९व्या स्थानी नोंदविलेला दोष दीर्घ रूपात ५२६व्या स्थानी येतो. रुग्णाच्या जनुकातील दोष तपासताना हे ध्यानात न घेतल्यास चुकीचाच बदल घडविला जाण्याचा धोका असतो.

निर्दोष व सदोष पेक्स-५ यांची पत्ता धरण्याची क्षमता परीक्षानळीत ताडून पाहता येते. औषधशोधातही याचा उपयोग आहे. निद्रारोगाचे व काळा आजाराचे परजीवी ग्लायकोसोम या पेरॉक्सिसोमसदृश अंगकावर जगतात. त्यांच्या पेक्स-५ व पेक्स-१४ यांची जोडणी तोडून निद्रारोगाच्या परजीवींना मारणारी संयुगे २०१७ साली प्रसिद्ध झाली. असे संयुग मानवी जोडीला धक्का लावत नाही ना, हे पाहण्यासाठी पुनःसंयोजित मानवी प्रथिने हाताशी असावी लागतात.

मात्र या साधनाला मर्यादाही आहेत. पेशीत पेक्स-५च्या अकराव्या स्थानावरील सिस्टीनला युबिक्विटीन जोडले गेल्यावरच ते पटलातून बाहेर ओढले जाते. जीवाणूत ही व्यवस्था नसते. म्हणून शुद्ध प्रथिनावरून पत्ता धरण्याची क्रिया समजली, तरी त्याच्या परतीचा प्रवास समजण्यासाठी पेशीच्या अर्काची जोड द्यावी लागते. हे प्रथिन रुग्णाला द्यावयाचे औषध नव्हे. त्याचे स्थान प्रयोगशाळेतच आहे. परंतु बालकाच्या पेशीत वाहतूक नेमकी कोठे अडली, हे कळण्याच्या मार्गातील ती एक आवश्यक पायरी आहे.